उत्तरदाती क्रमांक सात

सिंदी मेघे तेव्हा वर्ध्याला चिकटलं नव्हतं. मधे शेतं होती, आणि त्यांतला विहिरीजवळचा तीन एकरांचा तुकडा आमचा. आता तिथं कुणाचं तरी दुमजली घर उभं आहे, आणि आमची विहीर नेमकी कुठं होती हे मलाही दाखवता येणार नाही. आम्ही भाजीवाले. हिवाळ्यात माय पहाटेच वावरात जायची आणि मी डोळे चोळत तिच्या मागं. ऑइल इंजिन सुरू झालं की त्याची ढगढग सगळ्या शिवारात ऐकू जायची, आणि दांडातून पाणी आलं की आम्ही दोघी त्यात मुळे धुवायला बसायचो. पाणी विहिरीचं, म्हणून कोमट लागायचं. माय मेथीच्या आणि सांबाराच्या जुड्या बांधायची. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. पुण्याच्या सुनेला हे समजावून सांगताना माझं अर्धं आयुष्य गेलं. मायच्या जुड्या सगळ्या सारख्या असत, तराजूत घातल्यासारख्या, आणि जुडी बांधताना तिचं बोटांकडे लक्षही नसे. बाबा तोवर चहा पीत पेपर वाचत. चौथी शिकलेले, पण पेपर मोठ्यानं वाचायचे, शेजारच्या वावरात ऐकू जाईल असा. मग ते सायकलला दोन्हीकडून टोपल्या बांधून बाजाराला निघत, आणि मी ज्वारीची भाकर आणि रात्रीचं वांग्याचं भरीत खाऊन कॉलेजला. वर्गात माझ्या बोटांना मेथीचा वास येत असे, आणि वांग्याच्या देठांचे काटे मी मानसशास्त्राच्या तासाला सेफ्टी पिनेनं काढत बसे.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. हे श्रेय बाबांचं, याबद्दल मला तेव्हा जराही शंका नव्हती. बाबा स्वतःच ते सगळ्यांना सांगत. गिऱ्हाईक वांगी निवडत असलं तरी सांगत, की माझी पोरगी बी.ए. करून राह्यली. परीक्षेला जाताना मी आधी बाबांच्या पाया पडे आणि मग मायच्या. मायच्या पाया पडताना ती बहुतेक चुलीपाशी वाकलेली असे आणि, हो हो, जाय लवकर, एवढंच म्हणे.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला समाजशास्त्रात संशोधन पद्धतीचा पेपर होता. हा पेपर म्हणजे गाईडमधल्या संशोधनाच्या पायऱ्या पाठ करायच्या आणि ओतायच्या, असं आम्हाला वरच्या वर्गातल्या मुलींनी सांगून ठेवलं होतं. पण त्या वर्षी नागपूरहून इंगोले सर आले. उंच, किडकिडीत, सायकलला मडगार्ड नाही त्यामुळे पँटच्या मागं नेहमी चिखलाचे शिंतोडे. ते आम्हा सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणत. मला आयुष्यात ‘तुम्ही’ म्हणणारा तो पहिला माणूस, आणि पहिले काही दिवस मी मागं वळून बघत असे.

पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं, की सकाळी घरून निघाल्यापासून वर्गात येईपर्यंत काय दिसलं ते लिहा. दिसलं ते, वाटलं ते नाही. आम्ही भराभरा लिहिलं. दुसऱ्या दिवशी वह्या परत आल्या तेव्हा निम्म्या वह्यांत एकाच शब्दाखाली लाल रेघ होती: प्रसन्न. सकाळ प्रसन्न होती, वातावरण प्रसन्न होतं. सरांनी शांतपणे विचारलं, की प्रसन्न तुम्हाला नेमकं कुठं दिसलं, झाडावर की रस्त्यावर. वर्ग हसला, पण मागच्या बाकावरच्या मुलांना नोट्स हव्या होत्या आणि सर नोट्स देत नव्हते, म्हणून महिनाभर त्यांच्यावर सगळ्यांचा राग होता.

नमुना निवड शिकवताना त्यांनी भाजीच्या टोपलीचं उदाहरण घेतलं. वरची वांगी पाहून टोपली ठरवू नका, म्हणाले, विकणारा चांगली वर ठेवतो. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी उभी राहून म्हटलं, की आमच्या टोपलीत वरखाली सारखीच असतात. सरांनी विचारलं, कशावरून. मी म्हटलं, मला माहीत आहे. तर म्हणाले, माहीत आहे हे काही उत्तर नाही, टोपली आणा. दुसऱ्या दिवशी मी खरंच टोपली नेली. नलू नावाची माझी मैत्रीण होती, हिंगणघाटहून रोज गाडीनं येणारी. तिनं डोळे मिटून दहा वांगी काढली, मग वरची दहा काढली, आणि फळ्यावर दोन्हींतली किडकी मोजली. मी खाली मान घालून बसले. घरी मायला सांगितलं तेव्हा ती अजिबात ओशाळली नाही. वरती चांगली ठेवावीच लागतात, नाही तर गिऱ्हाईक थांबत नाही, म्हणाली. हे मी सरांना जाऊन सांगितलं, आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. चांगली वांगी शिपायानं भाजून भरीत केलं आणि सगळ्या वर्गानं खाल्लं. त्या दिवसापासून सरांवरचा राग बराच कमी झाला.

दिवाळीनंतर त्यांनी प्रत्येकाला वीस-वीस अनुसूच्या दिल्या. अनुसूची म्हणजे मुलाखतीचा छापील कागद. सायक्लोस्टाइलवर काढलेला, शाईचा उग्र वास येणारा. विषय होता घरातले निर्णय कोण घेतं. आपापल्या वस्तीतल्या वीस बायकांना भेटायचं, त्यांचं नाव न लिहिता क्रमांक टाकायचा, आणि वय, शिक्षण, व्यवसाय विचारून मग पेरणीचं कोण ठरवतं, विक्रीचं कोण, मुलांच्या शिक्षणाचं कोण, लग्नाचं कोण, असं विचारत जायचं. त्यावर परीक्षेचे गुण होते आणि बाहेरचे परीक्षक येऊन तोंडी घेणार होते.

आता खरं सांगायला हवं. मी एकाही बाईला भेटले नाही. टमाटर लाल व्हायला लागले होते आणि वानरांनी उच्छाद मांडला होता, म्हणून कॉलेजातून आल्यावर राखणीला मी बसायची. बांधावर बसून, मांडीवर पाटी घेऊन, तीन दुपारींत मी वीसच्या वीस कागद भरून टाकले. मला त्यात लबाडी केल्यासारखंही वाटलं नाही. या सगळ्या बायका मी जन्मापासून पाहिलेल्या. कोणाच्या घरात कोणाचं चालतं हे मला विचारायची काय गरज होती? सातव्या क्रमांकाला मी मायला घातलं. वय एकेचाळीस, शिक्षण नाही, व्यवसाय घरकाम. निर्णयाच्या सगळ्या रकान्यांत ‘पती’ लिहिलं. अक्षर सुंदर आलं होतं. मधूनच उठून वानरांना दगड मारायचे आणि पुन्हा लिहायला बसायचं. मजेत झालं सगळं.

पुढच्या आठवड्यात, बुधवारी, सरांनी मला ग्रंथालयाच्या कोपऱ्यातल्या टेबलापाशी बोलावलं. टेबलावर दोन गठ्ठे होते, नलूचा आणि माझा. नलूच्या कागदांवर वरणाचे डाग होते, घड्या पडलेल्या, एक तर ओला होऊन वाळलेला. तो मुलानं कसा ओला केला हे नलूनं समासात लिहिलं होतं. माझे कागद छापखान्यातून आल्यासारखे. सरांनी ते काही बोलून दाखवलं नाही. त्यांनी मला फक्त वयं वाचायला सांगितली. नलूची वयं होती तीस, पस्तीस, चाळीस, चाळीस, पन्नास. माझी होती एकतीस, सदतीस, त्रेचाळीस, अठ्ठावीस.

“तुमच्या वस्तीत बायकांचे वाढदिवस करतात?” सरांनी विचारलं.

मी आधी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, की सात क्रमांकाची बाई कोण. माझी आई, मी सांगितलं. तिचं वय एकेचाळीस हे कशावरून, त्यांनी विचारलं. मायचं वय मला माहीत नव्हतं. कधीच माहीत नव्हतं.

मला वाटलं होतं ते चिडतील. ते चिडले नाहीत, आणि त्यामुळंच मला जास्त लाज वाटली. ते म्हणाले, यातलं सगळं कदाचित बरोबरही असेल, पण तुम्ही विचारलेलं नाही. मी हट्टानं म्हटलं, की मी तिथंच वाढले आहे, मला सगळं माहीत आहे. सर दोन्ही गठ्ठे उचलत म्हणाले, की असं असेल तर रविवारी मी तुमच्याकडे येतो.

त्या बुधवारपासून रविवारपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. सरांनी प्राचार्यांना सांगितलं तर पेपर गेला. पण त्याहून मोठी भीती बाबांची. ज्या पोरीचं नाव ते भर बाजारात घेतात तिनं खोटे कागद भरले हे कळलं, तर ते ओरडणार नाहीत, गप्प होतील, आणि कॉलेज तिथंच संपेल. बाबांना मात्र प्रोफेसर घरी येणार याचाच आनंद. त्यांनी अंगण सारवून घेतलं, शेजाऱ्यांना दोनदा सांगून झालं. मायनं पाटोडी, म्हणजे बेसनाच्या वड्या घातलेला झणझणीत रस्सा, करायचं ठरवलं. खोबरं आणि खसखस भाजल्याचा वास घरभर पसरला.

सर सायकलनं आले. बाबांनी त्यांना खाटेवर बसवून आपली सगळी कहाणी सांगितली, मला शिकवायचं कसं त्यांनीच ठरवलं, भावकी कशी हसत होती. सरांनी सगळं मन लावून ऐकलं आणि अनुसूच्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. मग म्हणाले, मला तुमचं इंजिन बघायचंय. बाबा खूश होऊन त्यांना विहिरीकडे घेऊन गेले. जाताना सरांनी माझ्या हातात एक कोरा कागद दिला. वर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: क्रमांक सात.

माय ओसरीत वाटाणे सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सरांनी शिकवल्याप्रमाणे म्हटलं, की मी तुम्हाला काही प्रश्न विचारणार आहे.

“तू मले ‘तुमी’ काऊन म्हणून राह्यली?” ती हसली. “बरी हायेस ना?”

वय विचारलं तर म्हणाली, लिही चाळीस, नाही तर पस्तीस, काय फरक पडते. शिक्षण विचारलं तर दुसरी. मला हे माहीत नव्हतं. दुसरीपर्यंत शाळेत गेली होती, मग धाकटा भाऊ झाला म्हणून घरी बसवली. व्यवसाय घरकाम लिहू का म्हटलं, तर तिनं हातातली शेंग खाली ठेवली. मग वावरात कोण मरते, म्हणाली, लिही, भाजीवाली. पेरणीचं बाबा ठरवतात, विक्रीचं बाबा ठरवतात, हे तिनं पटापट सांगितलं. मग मी पुढचा रकाना वाचला: मुलांच्या शिक्षणाचा निर्णय कोण घेतं.

तिनं विहिरीकडे मान वळवून इंजिनचा आवाज ऐकला. “तो तिकडंच हाये ना?” तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

“मी घेतो,” माय म्हणाली. आमच्याकडच्या बाया स्वतःबद्दल असंच बोलतात, मी घेतो, मी जातो. “पण तुह्या बाबाच्या तोंडून घेतो.”

मग तिनं वाटाणे सोलता सोलता जे सांगितलं, ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मी अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, झाले तेव्हा कारंज्याकडचं एक स्थळ आलं होतं. संत्र्याची बाग असलेले लोक. मला पाहून गेले आणि पुन्हा त्यांच्याकडून काही आलं नाही. त्यांना पोरगी सावळी वाटली, असं घरात कोणीतरी बोललं होतं, आणि चार वर्षं ते माझ्या मनात रुतून बसलं होतं. आरशात बघताना दर वेळी मला कारंज्याचे ते लोक आठवत. तर माय म्हणाली, की त्यांचा होकार होता. बाबांनी जवळपास शब्दही दिला होता. मायनं जेवण वाढताना बाबांना एवढंच म्हटलं, की तुम्हीच त्या दिवशी म्हणत होते ना, पोरीले कॉलेजात टाकू म्हणून, आता लोकांना काय सांगणार? बाबा असं कधीच म्हणाले नव्हते. पण ते विचारात पडले, हात धुऊन उठले, आणि दोन दिवसांनी मायलाच येऊन सांगायला लागले, की मी तर आधीच ठरवलं होतं, पोरीले शिकवायचं.

कागदावरची अक्षरं मला दिसेनाशी झाली होती. मी विचारलं, की मला का नाही सांगितलंस.

“तुनं कधी इचारलंच नाई,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. शेंगा संपत आल्या होत्या, तिनं सालं सुपात गोळा केली आणि मग माझ्या पेनकडे बघून म्हणाली, “हे लिहू नको. तुह्या बाबाले वाचता येते.”

बाबा गेल्यावर पुष्कळ वर्षांनी मी तिला विचारलं होतं, आता लिहू का म्हणून. तेव्हा ती जरा विचार करून म्हणाली, लिही, आता कोण वाचते. त्या परवानगीवरच हे प्रकरण लिहिते आहे.

इंजिन बंद झालं आणि दोघं परत आले. सरांनी माझ्या हातातून कागद घेतला. तो एक रकाना कोरा होता. उत्तर मिळालं नाही का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं मिळालं, पण ती लिहू नको म्हणते. माझं बोलणं तोंडातून निघून गेलं आणि मग लक्षात आलं, की बाबा तिथंच उभे आहेत. त्यांनी लगेच विचारलं, काय लिहू नको म्हणते. माय चुलीकडे वळली होती, तिचा हात भांड्यावर तसाच थांबला.

“रश्शाच्या मसाल्याचं प्रमाण,” सर म्हणाले. “विचारलं होतं, पण नाही सांगत म्हणतात.”

बाबा जोरात हसले. ते मलाही सांगत नाही, म्हणाले, आणि हात धुवायला गेले. सरांनी खिशातून पेन काढलं, त्या कोऱ्या रकान्यात एक ओळ लिहिली, कागद मला परत दिला आणि पाटोडीवर ताव मारला. माझ्या वीस कागदांबद्दल त्यांनी त्या दिवशी काही विचारलं नाही, आणि मला सांगायचीही गरज उरली नव्हती.

उरलेल्या एकोणीस बायकांकडे मी पुढचा महिनाभर गेले. काहींनी हाकललं, एकीनं तीन वेळा उद्या ये म्हटलं, एक बोलता बोलता रडायला लागली आणि मी कागद बाजूला ठेवून तिच्या पोराला मांडीवर घेऊन बसले. मग मी दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून ताडून पाहिले. मी घरबसल्या भरलेली निम्मी उत्तरंही जुळली नाहीत. सरांच्या सांगण्यावरून मी अहवालात दोन्ही गठ्ठ्यांबद्दल लिहिलं, पहिला कसा भरला तेही लपवलं नाही. तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी ते वाचून फक्त वानरांबद्दल विचारलं. गुण बरे मिळाले. पुढं मी स्वतः हाच पेपर कितीतरी वर्षं शिकवला, आणि दर वर्षी कोणीतरी सुंदर अक्षरात भरलेले स्वच्छ कागद घेऊन माझ्यासमोर उभं राही. मी रागावत नसे. त्यांच्या घरी जात असे. नलू म्हणायची, की तुला पाटोडीची चटक लागली आहे.

पण त्या रविवारच्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. सर निघाले तेव्हा बाबा त्यांना सोडायला रस्त्यापर्यंत गेले. माय भांडी घासून आत आली आणि तिनं विचारलं, की त्या सरानं कागदावर काय लिहिलं. तिला धास्ती वाटत होती. मी कागद काढून वाचला: ‘उत्तरदातीच्या इच्छेवरून नोंद केलेली नाही.’

उत्तरदाती म्हणजे कोण, तिनं विचारलं. मी म्हटलं, तू.

“अन् इच्छा?”

“तुझीच.”

तिनं मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग लुगड्याला ओले हात पुसून ती माझ्याजवळ बसली, कागदावर बोट टेकवलं, आणि यातला इच्छा कोणता, असं विचारलं. मी तिचं बोट धरून त्या शब्दावर नेलं. बाबांची चाहूल लागेपर्यंत ती ते तिथंच ठेवून बसली होती.